एबी बाईंचे दोन आकडे

वर्गात आल्यावर बाई आधी खुर्चीत बसत. पर्स टेबलावर ठेवत, छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवत, चष्मा पदरानं पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवत. मग एक लांब श्वास सोडून म्हणत, "चला. आज पुन्हा खोटं शिकवायचंय." आणि उठून फळ्यावर लिहीत: पीव्ही बरोबर एनआरटी.

पहिल्या वर्षाची पोरं हसायची. बाई हसत नसत. "हे समीकरण अशा वायूचं आहे, ज्याच्या रेणूंना आकार नाही आणि एकमेकांशी काही देणंघेणं नाही. असा वायू मी अजून बघितलेला नाही. तुम्हाला कुठं सापडला तर मला दाखवायला आणा. पण परीक्षेत येतो, म्हणून शिकवते." तासाचा उरलेला वेळ त्या एका डच शास्त्रज्ञानं दुरुस्त केलेल्या समीकरणाला देत. त्यात दोन अक्षरं जास्तीची होती, 'ए' आणि 'बी'. ए म्हणजे रेणूंची एकमेकांना असलेली ओढ आणि बी म्हणजे त्यांनी स्वतःसाठी अडवलेली जागा. प्रत्येक वायूचे हे दोन आकडे वेगळे, आणि कागदावर नुसता विचार करून ते मिळत नाहीत. वायू कोंडायचा, तापमान धरून ठेवायचं, दाब वाचायचा आणि त्या वाचनांवर आकडे बसवायचे. बाईंचं अर्धं आयुष्य या दोन अक्षरांत गेलं, म्हणून कोल्हापुरात विज्ञान शिकलेल्या कितीतरी जणांना त्यांचं खरं नाव आठवत नाही. त्या एबी बाई. एकदा कुणाचे तरी वडील स्टाफरूमच्या दारात येऊन "एबी म्याडम हायत का?" असं विचारू लागले, तेव्हा बाकीचे प्राध्यापक खाली माना घालून हसू दाबत होते आणि बाईंनी शांतपणे हात वर केला. "मीच. बोला."

त्यांना उपमा आवडत नसत. एका निरोपसमारंभात एका मुलीनं भाषणात सांगितलं की माणसंही वायूंसारखीच असतात, त्यांच्यातही ओढ असते आणि त्यांनाही आपली जागा हवी असते. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या मला बाई हळूच म्हणाल्या, "वायू वायू असतो गं. माणसांचं माणसांनी बघावं."

पुस्तकातल्या तक्त्यातला आकडा कुणी सांगितला की बाईंचा प्रश्न ठरलेला असे: "कुणी मोजला?" बहुतेकांना माहीत नसायचं. मग त्या सांगत की वायूच्या क्रांतिक तापमानावरून आणि दाबावरून काढलेला 'ए' एक येतो, आणि प्रत्यक्ष वाचनांवर बसवलेला 'ए' थोडा वेगळा येतो. कमी दाबाची वाचनं घेतली तर एक, जास्त दाबाची घेतली तर दुसरा. "आकडा आभाळातून पडत नाही. कुणीतरी उभं राहून वाचलेला असतो. त्याचे पायही दुखत असतात." राजारामपुरीतले क्लासवाले त्यांना बोलावून थकले. एकदाही गेल्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणत, "तिथं उत्तर आधी सांगावं लागतं."

मी गगनबावड्याकडची. एम.एस्सी.ला राजारामपुरीत मावशीकडं राहायचे आणि बाईंचा फ्लॅट तिथून दोन गल्ल्या पलीकडं होता. पुढं त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव घातलं. विषय बाईंनी दिला. साखर कारखान्याच्या टाकाऊ मळीपासून जो गॅस निघतो त्यात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेले असतात. अशा मिश्रणाचे ए आणि बी काढायचे. बाईंनी त्यावर पूर्वी एक निबंध छापला होता. मोठा नव्हता, पण आमच्या विभागातून त्या काळात बाहेर गेलेला तो एकटाच असावा. मी तेच काम आणखी वरच्या दाबांपर्यंत न्यायचं होतं.

बाई मला कधी ताज्या, टवटवीत दिसल्या असं आठवत नाही. प्रयोगशाळेत स्टुलावर बसून भिंतीला डोकं टेकत. डोळे मिटत, आणि मी वाचलेला आकडा चुकीचा वाटला तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणत, "परत वाच." त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा या दमण्याचं कारण कळलं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खाली कॉटवर अक्का. बाईंच्या बहीण, त्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या. शिरोळ तालुक्यातल्या त्यांच्या गावी आई लवकर गेल्यावर अक्का शेतात भांगलणीला जायच्या आणि बाईंना शाळेला लावायच्या. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. चुलीच्या धुरात छाती गेली होती. कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असे आणि वीज गेली तर म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर उभा असे. अक्काचा खोकला रात्रभर चाले आणि बाई रात्रभर उठबस करत.

अक्का बोलायला मात्र खणखणीत. मला म्हणाल्या, "बस बाय. ही काय चा देणार न्हाय, तुझा तूच करून घे. हिला गॅसची समदी गणितं येत्यात, खरं घरातला सिलिंडर कवा संपला त्ये तेवडं कळत न्हाय."

बाई आतून म्हणाल्या, "संपला न्हाय अक्का. रेग्युलेटर बंद हाय."

"बग, त्येबी मी सांगितल्यावर कळालं."

वीज गेली की बाई मशीनची नळी काढून सिलिंडरला जोडत आणि त्याच्या दाबाच्या काट्याकडं बघत. अक्का विचारत, "किती पुरंल?" बाई मनात काहीतरी करत आणि म्हणत, "लाइट येईस्तोवर पुरंल." अक्काला तेवढं बस होतं.

माझी वाचनं पुरी होत आली तेव्हा मी हिशेब करून आलेख काढले. वरच्या दाबांना ठिपके रेघेवर बसत नव्हते. सगळेच्या सगळे एकाच बाजूला झुकत होते. मी समीकरणात तिसरं अक्षर घातलं, 'सी'. ठिपके लगेच रेघेवर येऊन बसले. अशा सुधारणा पुष्कळांनी केलेल्या आहेत, त्यात चोरी काही नव्हती. मी आनंदानं बाईंकडं गेले. त्यांनी आलेख बराच वेळ बघितला.

"छान बसलेत," त्या म्हणाल्या. "पण एकाच बाजूला का झुकत होते?"

"वरच्या दाबाला दोन अक्षरं पुरत नसतील."

"नसतील. किंवा आपल्याला दाब नीट कळत नसेल. अजून एक अक्षर घातलं की ठिपके गप्प बसतात. खरं बोलायला लागले असं म्हणता येत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्रावरचं दाबाचं गेज खोलून घेतलं, पिशवीत घातलं आणि रिक्षानं एमआयडीसीत ओळखीच्या कारखान्यात गेल्या. तिथं वजनं ठेवून गेज तपासायचं यंत्र होतं. मीही बरोबर होते. खालच्या दाबांना गेज ठीक चाललं. वर वजनं चढत गेली तसा काटा मागं राहू लागला. थोडाच, पण प्रत्येक वेळी. तपासणाऱ्यानं पुन्हा करून दाखवलं. बाईंनी गेज पुन्हा पिशवीत घातलं.

तेच गेज त्यांनी जुन्या निबंधाच्या वेळी वापरलं होतं, आणि त्यातली शेवटची वाचनंही काटा मागं राहायचा त्याच दाबांची होती. म्हणजे माझी वाचनं तर गेलीच, पण त्यांचे छापलेले आकडेही गेले.

रिक्षा कॉलेजकडं वळणार तेवढ्यात बाईंनी त्याला राजारामपुरीत घ्यायला सांगितलं. घरी जाऊन त्या सरळ अक्काच्या सिलिंडरपाशी गेल्या आणि काट्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग दुकानदाराला फोन करून काटा असलेला दुसरा रेग्युलेटर मागवला आणि दोन्ही आलटून पालटून लावून बघितले. दोन्ही काटे एकाच जागी आले तेव्हा त्या कॉटच्या कडेवर बसल्या. अक्का म्हणाल्या, "काय झालंय? तोंड का उतरलंय?" बाई म्हणाल्या, "काय न्हाय. तुझं बरोबर हाय."

आमचे विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि समजुतीनं सांगितलं, "बाई, तुमच्या निवृत्तीला किती राहिलंय. पोरीचा प्रबंध तयार आहे. सी घालून बसतंय ना सगळं? कोण बघायला येतंय?"

"मला दिसलंय ना, सर," बाई म्हणाल्या. आवाजात जोर नव्हता. बाहेर आल्यावर जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "तुझा प्रबंध आहे. तुला तसाच द्यायचा असेल तर मी सही करणार नाही, पण दुसरा मार्गदर्शक मिळवून देईन. विचार करून सांग." मी आठवडाभर विचार केला आणि राहिले. का राहिले ते आजही नीट सांगता येत नाही. त्या जिन्यात त्या इतक्या दमलेल्या दिसत होत्या की सोडून जावंसं वाटलं नाही, एवढंच असावं.

त्यांना एकच काळजी लागली होती. त्यांचा निबंध छापून आल्यावर शिरोळकडच्या एका गॅस प्रकल्पाचा इंजिनिअर कॉलेजात आला होता आणि टाक्या भरायच्या हिशेबासाठी त्यांचे आकडे घेऊन गेला होता. फोनवर सांगून भागलं असतं. पण बाईंना समोर जाऊन सांगायचं होतं. अक्कापाशी शेजारणीला बसवून आम्ही एसटीनं गेलो. दोन्ही बाजूंना ऊस आणि वाटेत ट्रॅक्टरच्या मागं रेंगाळणारी गाडी. बाई खिडकीला डोकं टेकून होत्या. झोपल्या असतील असं मला वाटलं, पण त्या मनात वाक्यं जुळवत होत्या, कारण मधूनच म्हणाल्या, "आधी गेजचं सांगू, की आधी माफी मागू?"

इंजिनिअर आता चांगलं पोट सुटलेला, मोठ्या हुद्द्यावरचा गृहस्थ झाला होता. त्यानं बाईंना ओळखलं, खुर्ची पुसून दिली. "बसा की म्याडम. चा सांगू का रस?" बाईंनी सगळं क्रमानं सांगितलं. गेज, काटा, वरच्या दाबांचा फरक, नवे आकडे यायला लागणारा वेळ. तो ऐकत होता आणि त्याला अवघडल्यासारखं होत होतं.

"खरं सांगू का म्याडम, राग धरू नका," तो शेवटी म्हणाला. "तुमचे आकडे आम्ही कवाच सोडले. कंप्रेसर दिला त्या कंपनीनं सॉफ्टवेअरबी दिलंय. त्यात समदं आपोआप निघतंय. तुमचा कागद असंल कुठल्यातरी फायलीत."

बाईंनी रसाचा ग्लास खाली ठेवला. मग विचारलं, "त्या सॉफ्टवेअरमधले आकडे कुणी मोजलेत?"

"त्ये काय म्हाईत न्हाय. खरं चालतंय की."

त्यांनी रस संपवला, आभार मानले. त्यानं फाट्यापर्यंत गाडी दिली. फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही दगडावर बसलो. मला त्या माणसाचा राग आला होता. बाई म्हणाल्या, "बरं झालं. कुणाचं काही बिघडलं नाही." दोन उसाचे ट्रॅक्टर गेले. धूळ खाली बसली. मग त्या म्हणाल्या, "तरी वाटत होतं गं, कुणीतरी वापरत असेल."

"मग आता परत कशाला मोजायचं, बाई?"

"छापलंय ना आपण," त्या म्हणाल्या, आणि गाडी आली.

नवीन गेज यायलाच किती तरी महिने गेले. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वायू शुद्ध करायचा, पोलादी भांड्यात कोंडायचा, पाण्याची टाकी एका तापमानाला स्थिर होईपर्यंत थांबायचं, वाचायचं, थोडा सोडायचा, पुन्हा थांबायचं. पहिल्या वेळी या कामात उत्सुकता होती. दुसऱ्या वेळी फक्त काम होतं. त्याच सुमारास कॉलेजात एक कायमची जागा निघाली. पीएच.डी. हातात असणाऱ्याला घेणार होते. माझा प्रबंध कपाटात पडून होता आणि त्यातली पानं आता उपयोगाची नव्हती. जागा दुसऱ्याला गेली. बाईंनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "हे नुकसान माझ्यामुळं झालं. याला माझ्याकडं उत्तर नाही." उत्तर नाही म्हणाल्या आणि खरोखरच कुठलंही दिलं नाही. पुढं बघू, देव बघतोय, असं काही नाही. मला तेव्हा फार राग आला. आजही दोन कॉलेजांत तासांवर शिकवून संध्याकाळच्या बसमध्ये उभी असते तेव्हा तो राग कधीकधी वर येतो. पण त्या खोटा दिलासा देणारं काही बोलल्या असत्या, तर त्या रागाबरोबर अविश्वासही वाढला असता.

दुसऱ्या फेरीच्या निम्म्यावर अक्का अंथरुणावरून उठेनाशा झाल्या. बाईंची रजा वाढत गेली. मी प्रयोगशाळेत एकटी वाचत असे आणि फोनवर आकडे सांगत असे. पलीकडून मशीनची घरघर ऐकू येई, मध्ये अक्काचा खोकला, आणि बाईंचा आवाज: "परत वाच." एकदा अक्कानं फोन हातात घेतला. धाप लागत होती. म्हणाल्या, "हिला सांग बाय, जरा पड म्हनून. माझं काय आयकत न्हाय." मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "व्हय. पडते." पडल्या नसणार.

अक्का एका दुपारी गेल्या. मशीन चालू होतं, सिलिंडर भरलेला होता, कशाचीच कमतरता नव्हती. गावाकडची माणसं आली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींनी वंदना म्हटली, पांढऱ्या साडीत बाई हात जोडून बसल्या होत्या. लोक पांगल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. मी भांडी पुसत होते. म्हणाल्या, "घरात आवाजच नाही गं. मशीन बंद आहे ना. झोपच येत नाही." थोड्या दिवसांनी त्या प्रयोगशाळेत आल्या, स्टुलावर बसल्या, भिंतीला डोकं टेकलं आणि म्हणाल्या, "कुठवर आलीस?"

वाचनं संपली. हिशेब केला. 'ए'त थोडा फरक पडला, 'बी' जरासा वाढला, आणि ठिपके रेघेच्या दोन्ही बाजूंना विखुरले, जसे विखुरायला हवेत. तिसऱ्या अक्षराची गरज उरली नाही. निदान आम्ही पोचलो त्या दाबांपर्यंत तरी नाही. आलेख बघून बाईंच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे दिसला नाही. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाल्या, "एवढाच फरक होता." मग जुना निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली. अर्ध्या पानाची. आली छापून. कुणाचं पत्र नाही, फोन नाही. माझा प्रबंध मंजूर झाला तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. बाहेरगावच्या परीक्षकांनी गेजविषयी एकही प्रश्न विचारला नाही.

राजारामपुरीचा फ्लॅट विकून बाई गावी गेल्या. भाच्यानं, म्हणजे चुलतबहिणीच्या मुलानं, घरामागं त्यांच्यासाठी एक खोली बांधली होती. कृष्णेला पाणी चढलं की तेवढ्यापुरतं त्या कोल्हापूरला माझ्याकडं येत, ओसरलं की परत जात. फोनवर शास्त्राचं बोलणं हळूहळू थांबलं. माझे तास किती, बस वेळेवर येते का, मावशीचे गुडघे कसे आहेत, एवढंच. एकदा मी विचारलं, "कंटाळा येत नाही का बाई, तिकडं?" त्या म्हणाल्या, "येतो की. पण हा कंटाळा बरा आहे. त्यात कुणी खोकत नाही."

परवाच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी न कळवता गेले. भाच्याची बायको अंगणात शेंगा फोडत होती. म्हणाली, "आज्जी झोपल्यात. उठवू का? तुम्ही आलाय म्हटल्यावर लगेच उठतील की." मी नको म्हटलं. दार उघडं होतं. मी आत जाऊन खुर्चीवर बसले. बाई कुशीवर झोपल्या होत्या, हात गालाखाली, तोंड थोडं उघडं. पंखा हळू फिरत होता. श्वास संथ चालला होता. इतकी वर्षं मी त्यांना डोळे मिटलेलं पाहिलं होतं, झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, थोड्या वेळात उठतील. त्या उठल्या नाहीत. उन्हं उतरली, भाच्याच्या बायकोनं चहा आणून दिला, तो मी तिथंच बसून प्याले. एसटीची वेळ झाली तेव्हा त्यांचा पाय पांघरुणाबाहेर आला होता, तो झाकला आणि निघाले. भाच्याच्या बायकोला सांगून आले, मी येऊन गेले म्हणून बाईंना सांग.

पावसाळा लागायच्या आत भाच्याचा फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

कॉलेजमधली जुनी माणसं अजून भेटतात. एबी बाई गेल्या म्हणे, असं म्हणतात, आणि मग विचारतात, "तुझी शेवटची भेट झाली का?" मी हो म्हणते. काय बोलल्या, असं विचारलं तर सांगते, काही नाही. निवांत होत्या.